भोकं पैकीच्या पैकी, वाटा काठावर पास

क्रेनिअल नर्व्ह, म्हणजे थेट मेंदूशी जोडलेल्या नसांच्या बारा जोड्या, दाखवणारं कवटीचं मॉडेल, आत सुटा होणारा मेंदू, किंमत साडेसहा हजारांच्या आतबाहेर. साताऱ्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथे पेशंटना समजवायला आणि इंटर्नशिपला येणाऱ्या पोरांची संध्याकाळी उजळणी घ्यायला म्हणून मागवलं. दिवाळीनंतर आलं आणि तेव्हापासून रोज टेबलावर आहे, त्यामुळे हे काही खोकं फोडल्या फोडल्या लिहिलेलं कौतुक नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'बाराही नर्व्ह, संपूर्ण मार्गासह'. बाराही आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. 'संपूर्ण मार्ग' या दोन शब्दांशी मात्र माझं भांडण आहे.

आधी चांगलं सांगते. कवटीचं मॉडेल आलं की मी दिवा घालवते, वरचं झाकण काढते, तळाच्या मोठ्या भोकात, म्हणजे फोरामेन मॅग्नममध्ये, रुमालाचा बोळा कोंबते आणि मोबाईलचा टॉर्च आत धरून कवटी सगळीकडून फिरवून बघते. स्वस्तातल्या मॉडेलांमध्ये अर्धी भोकं नुसती काळ्या रंगाने रंगवलेली असतात, ती इथे लगेच उघडी पडतात. या मॉडेलने ही परीक्षा झकास दिली. डोळ्याच्या खोबणीत ऑप्टिक कॅनॉलचा, म्हणजे नजरेच्या नर्व्हच्या वाटेचा, गोल ठिपका दिसला आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला सुपीरियर ऑर्बिटल फिशरची तिरकी फट. डोळा हलवणाऱ्या तिन्ही नर्व्ह, तिसरी, चौथी आणि सहावी, याच फटीतून जातात, सोबत ट्रायजेमिनलची, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या पाचवीची, पहिली फांदी. खालून बघितलं तर ओव्हेल हे भोक लांबट आणि स्वच्छ, त्याच्या मागे स्पायनोसम टाचणीच्या डोक्याएवढं, पण आरपार. रोटंडम खालून दिसतच नाही, ते पुढच्या बाजूला उघडतं. त्यात खराट्याचा हीर घातला, तो बरोबर वरच्या जबड्याच्या मागे निघाला. जिभेच्या नर्व्हच्या हायपोग्लॉसल कॅनॉलचंही तसंच, आतून घातलेला हीर कॉन्डाइलच्या, म्हणजे मानेच्या मणक्यावर टेकणाऱ्या उंचवट्याच्या, वरच्या अंगाने बाहेर. जुगुलर फोरामेन, म्हणजे मानेच्या मोठ्या शिरेचं भोक, उजवीकडे जरा मोठं आहे, खऱ्या कवटीत बहुधा असतं तसं. म्हणजे साचा खऱ्या कवटीवरून काढलाय, कुणाच्या कल्पनेतून नाही. स्टायलॉइड प्रोसेस, म्हणजे कानाखालची हाडाची सुई, लवचीक प्लास्टिकची ठेवलीय, हे ज्याच्या डोक्यातून आलं त्याला सलाम. पोरांच्या हातात मॉडेल गेलं की पहिला बळी तिचाच जातो.

दोन ठिकाणी गुण कापले. नाकाच्या छपराची जाळी, जिथून वासाचे बारीक तंतू वर चढतात, ती फक्त ठिपके देऊन रंगवलीय. आणि फोरामेन लॅसेरममधून एक पिवळी रेषा चक्क आरपार ओढलीय! जिवंत माणसात त्या भोकाचा तळ कूर्चेने बुजलेला असतो आणि मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड आर्टरी त्याच्या वरून जाते. परीक्षेत नेमका याच जागी प्रश्न येतो आणि नेमकी याच जागी पोरं फसतात.

आता वाटांकडे येते. माझ्याकडे सगळ्यात जास्त काम सातव्या नर्व्हचं, फेशियलचं. थंडी पडली की तोंड वाकडं झालेले पेशंट येतातच. परवा एक एसटीचे कंडक्टर आले, डाव्या हाताने गाल धरून.

"मॅडम, रातभर खिडकीशी बसून आलो, वारं लागलं. आळीत सगळे म्हणतात लकवा मारला."

"काका, कपाळाला आठ्या घाला बघू."

उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडे कपाळ सपाट. डोळा मिटायला सांगितला तर डावा उघडाच, बुबुळ वर सरकलेलं. मेंदूत झटका आला तर बहुधा कपाळ वाचतं, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. इथे कपाळही गेलं, म्हणजे बिघाड नर्व्हमध्येच असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांनी तपासून बेल्स पाल्सीच, म्हणजे फेशियल नर्व्ह अचानक लुळी पडणंच, सांगितलं होतं, स्टेरॉइडच्या गोळ्याही चालू होत्या. त्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तरच खरा उपयोग, म्हणून आधी मसाज आणि मग डॉक्टर असं म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. काकांना गोळ्यांबद्दल शंका नव्हती. शंका वेगळीच होती.

"चेहऱ्याची नस ना ही? मग चहा बेचव का लागतोय? आणि घरात कुकरची शिटी झाली की कानात सुरी फिरल्यागत का होतंय?"

प्रश्न इतका नेमका होता की मी लगेच कवटी पुढ्यात ओढली. इथेच मॉडेल पाठ दाखवतं. फेशियल नर्व्ह आतल्या बाजूने इंटर्नल अकॉस्टिक मीटसमध्ये, म्हणजे कानाच्या हाडातल्या नळीत, शिरताना दाखवलीय, बरोबर. कानामागे मॅस्टॉइडचा उंचवटा आणि स्टायलॉइड यांच्या मधल्या भोकातून बाहेर पडताना दाखवलीय, तेही बरोबर. मधे काय? खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरलेली दिसते, पलीकडे निघालेली दिसते, आणि सगळी गोष्ट घडलेली असते ती आत. हाडातला हा प्रवास साधारण तीन सेंटिमीटरचा. आधी बाहेरच्या दिशेने, मग जेनिक्युलेट गॅंग्लिऑन या नर्व्हच्या गाठीशी मागे काटकोनात वळण, मग मधल्या कानाच्या भिंतीतून आडवी आणि शेवटी सरळ खाली. सुरुवातीच्या टप्प्यात नळी एक मिलिमीटरहूनही अरुंद आहे. नर्व्ह सुजली की तिला पसरायला जागा नाही, म्हणून ती तिथेच आवळली जाते. याच वाटेवर स्टेपेडियसची फांदी निघते. तो इवलासा स्नायू मोठा आवाज आला की कानातलं हाड आवळून धरतो. तो बंद पडला म्हणून शिटी टोचते. जरा खाली कॉर्डा टिंपनी ही फांदी फुटते, कानाच्या पडद्यामागून जाते आणि जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव आणते. काकांचा चहा तिथे अडकला होता. काकांच्या दोन तक्रारींवरून बिघाड कितपत वर आहे याचा अंदाज बांधता येतो, पण जाहिरातीतल्या 'संपूर्ण मार्गा'त यातलं काही नाही. शेवटी कागदावर काढून दाखवलं.

चौथी, ट्रॉक्लिअर, सरळसरळ चुकलीय. मेंदूच्या तुकड्यावर ती मिडब्रेनच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाच्या, पुढून, तिसरीच्या शेजारून निघालेली दाखवलीय. बारांमध्ये ही एकटीच ब्रेनस्टेमच्या, म्हणजे त्या देठाच्या, पाठीकडून निघते, तीही दुसऱ्या बाजूला ओलांडून, आणि मग वळसा घालून पुढे येते. सगळ्यात बारीक, तरी कवटीच्या आतला प्रवास हिचाच सगळ्यात लांब. डोक्याला मार लागल्यावर ती दुखावते त्याला हेही एक कारण. अशा पेशंटला जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात आणि तो मान कलती ठेवून चालतो. आम्ही मान बघत बसतो, आणि दुखणं डोळ्याचं असतं. मी मॉडेलचा तो ठोंब कापला आणि मागून पिवळा रेशमी दोरा चिकटवून वळसा दाखवला. आता बरं दिसतं.

सहावीने मात्र पैसे वसूल केले. ब्रेनस्टेमच्या खालच्या दोन भागांच्या, पॉन्स आणि मेडुलाच्या, सांध्यातून निघून क्लायव्हस या हाडाच्या उतारावरून वर चढते, पेट्रस हाडाच्या टोकाशी वाकते आणि कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या कप्प्यामध्ये कॅरोटिडला खेटून जाते. हे सगळं छान रंगवलंय. कवटीतला दाब वाढला की हीच ताणली का जाते आणि डोळा नाकाकडे का वळतो, हे पोरांना या एका रेषेवरून पटतं.

दहावी आणि अकरावी जुगुलर फोरामेनपाशी छाटल्यात. दहावीचं समजू शकते, व्हेगसला पोटापर्यंत नेणारी कवटी कोण बनवणार! तिची डावी रिकरंट फांदी तर महाधमनीच्या कमानीखालून वळून परत गळ्यात येते. पण अकरावीचा पाठीच्या कण्यातून फोरामेन मॅग्नमवाटे वर येणारा भाग दाखवायला चार सेंटिमीटरची तार पुरली असती. मानेतली गाठ काढल्यावर ही नर्व्ह दुखावून खांदा उतरलेले पेशंट माझ्याकडे येतात, म्हणून जीव जळतो.

सोबतची पुस्तिका फेकून द्या. बारा जोड्यांचा क्रम तिने सतराव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टर थॉमस विलिसच्या नावावर टाकलाय. विलिसने १६६४ मध्ये फेशियल आणि ऐकण्याची नर्व्ह एकच धरली होती. आजचा क्रम जर्मन शरीररचनातज्ज्ञ स्योमरिंगने १७७८ मध्ये आपल्या प्रबंधात लावला.

पाचपैकी साडेतीन. पहिल्या वर्षाच्या फिजिओ, डेंटल किंवा आयुर्वेदाच्या मुलांनी दोघातिघांत मिळून घ्यावं, कवटीचा तळ पाठ करायला याहून स्वस्त आणि चोख काही माझ्या पाहण्यात नाही. ईएनटीवाल्यांनी यावर पैसे घालू नयेत, टेम्पोरल बोनचं, म्हणजे कानाच्या हाडाचं, वेगळं कापीव मॉडेल मिळतं ते घ्यावं. जबड्याची एक स्प्रिंग महिन्याभरात तुटली, विक्रेत्याने दुसरी विनातक्रार पाठवली. मेंदूचे तुकडे जोडणारा चुंबक हरवला, तो मात्र सुटा मिळत नाही म्हणाले, त्यामुळे सध्या सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, डबल टेपवर आहे.