कॅनन ए५९० आयएस: दोन पेन्सिल सेलवरचा रोजचा कॅमेरा

२००८ सालचा हा कॅमेरा आज घ्यायचा तो सेलसाठी. फोटोंची प्रत हा नंतरचा मुद्दा. त्या काळातले सडपातळ, देखणे कॉम्पॅक्ट बहुतेक स्वतःच्या खास बॅटरीवर चालायचे. त्या मूळ बॅटऱ्या आता फुगल्यात नाहीतर मेल्यात, आणि डुप्लिकेट किती टिकेल याचा भरवसा नाही. पॉवरशॉट ए५९० आयएसला दोन पेन्सिल सेल (एए) लागतात, आणि ते ठाण्यात जांभळी नाक्यावरही मिळतात, नवी मुंबईत सीवूड्सलाही.

मिळतात म्हणून कुठलेही घालू नका. घड्याळात घालायचे साधे झिंक-कार्बन सेल लेन्स बाहेर येता येताच मान टाकतात. लेन्सची मोटर, मागचा पडदा आणि फ्लॅश बराच करंट ओढतात, तो देताना या सेलचं व्होल्टेज कोसळतं, आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. अल्कलाइन अडीनडीला ठीक. रोजसाठी मात्र एनेलूपसारखे, नुसते पडून राहिले तरी फारसे न उतरणारे निकेल मेटल हायड्राइड रिचार्जेबल घ्या. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून बिचकू नका. भार पडल्यावरही ते तेवढ्याच्या आसपास तग धरतात. चार सेल, दोनदोनच्या जोड्या, मार्करने खूण. जोडी फोडायची नाही, कारण एक दमलेला सेल दुसऱ्या चांगल्यालाही वाया घालवतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. या सेलचा एक जाच आहेच: इशारा फार उशिरा येतो. लाल खूण लुकलुकली की चारदोन फोटो, मग अंधार. दुसरी जोडी खिशात असू द्या.

हा कॅमेरा आता सेकंड-हँडच मिळणार. विकणारा ‘एकदम वर्किंग’ म्हणणारच, तेव्हा चार्ज केलेले सेल आणि कार्ड घेऊनच जा. सगळ्यात आधी सेलचं झाकण बघा. दोन सेलच्या स्प्रिंगचा सगळा दाब त्याच्या प्लास्टिकच्या खिट्टीवर येतो आणि ती तुटते. रबरबँड लावून चालवलेले नमुने काही कमी नाहीत. आतल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड असेल तर अल्कलाइन सेल गळलेत. थर पातळ असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसता येतो, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल. पट्टी खाल्ली गेली असेल तर नमस्कार करून निघा.

मग झूम पूर्ण पुढे-मागे चार वेळा. करकर आवाज आला किंवा लेन्स अडखळली तर घेऊ नका. आतल्या गिअरची दुरुस्ती कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते. डायल एव्हीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचा मोड) ठेवून एफ/८, म्हणजे छिद्र बारीक, लावा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ आहे. आतबाहेर होणारी लेन्स हवा ओढते, तिच्याबरोबर धूळही, आणि ती काढायला कॅमेरा उघडावाच लागतो. शेवटी मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. खाडीकाठच्या दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी. ६४ जीबीचं कार्ड एसडीएक्ससी असतं, ते याच्यासाठी नाही. ४ जीबीतही हजाराच्या आसपास फोटो बसतात. फोटो मोबाईलवर घ्यायला केबलपेक्षा ओटीजी (थेट फोनला जोडायचा) कार्ड रीडर सोपा. प्रत्येक वेळी सेल बदलल्यावर कॅमेरा तारीख विचारू लागला, तर आतला नाण्याएवढा सीआर १२२० सेल संपलाय.

फोटो ८ मेगापिक्सेलचे, ३२६४ बाय २४४८. ८ बाय १० इंची प्रिंट बिनधास्त निघते. ऑटो मोड विसरा. पी मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८० आणि एक्स्पोजर एक-तृतीयांश स्टॉप कमी, म्हणजे फोटो किंचित गडद, ही कायमची मांडणी. या छोट्या, सीसीडी प्रकारच्या सेन्सरमध्ये उजेडाची बाजू लवकर फुटते. दुपारी तलावपाळीवर पाण्यावरची चमक किंवा पांढरा शर्ट एकदा कोरा पांढरा झाला की मागाहून फोटो कितीही गडद केला तरी तपशील परत येत नाही. सावली उजळता येते. आयएसओ ४०० च्या पुढे दाणे भराभर वाढतात, त्यामुळे संध्याकाळी गावदेवी मार्केटात आयएसओ चढवण्याआधी कोपर टेकवायला खांब शोधा. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर थोडाफार सांभाळून घेतो. हलणारा माणूस तरीही पुसटच येणार. फ्लॅश तीन-साडेतीन मीटरपुरता, आणि एकदा उडाला की पुन्हा भरेपर्यंत आठ-दहा सेकंद कॅमेरा तुमचं काही ऐकत नाही.

शटर दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा उशीर हा याचा खरा खोडा. टेंभी नाक्याच्या दहीहंडीत वरचा गोविंदा हात घालताना बटण दाबाल तर तो खाली आलेला मिळेल. थर लागत असतानाच तेवढ्याच अंतरावर बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा, वेळ आली की उरलेलं दाबा. पडदा बंद करून वरच्या छोट्या काचेतून बघितलं तर सेलही वाचतात, उन्हातही दिसतं. त्या काचेत प्रत्यक्षापेक्षा कमी चौकट दिसते, आणि जवळच्या वस्तूची चौकट सरकते, तेव्हा ५ सेंटिमीटरवरून फुलाचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो) काढताना पडदाच वापरा.

ऐरोली-सीवूड्सच्या फ्लेमिंगोंसाठी घेत असाल तर थांबा. ४ पट झूम म्हणजे ३५ एमएम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबाने ३५ ते १४० मिलिमीटर. त्यात चिखलावर गुलाबी ठिपके येतील, पक्षी नाहीत. व्हिडिओ ६४० बाय ४८०, आणि त्यात पाम बीच रोडच्या दिव्यांवरून उभ्या रेघा ओघळतात. ही सीसीडीची खोड, बिघाड नव्हे. पडद्यावरही दिसतात, पण फोटोत येत नाहीत.

जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. चामड्याची किंवा कापडी पिशवी नको, ती ओल धरते. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे, खिडकी उघडी ठेवून, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाकायचे. आठवड्यातून एकदा बाहेर काढून झूम फिरवा. महिनाभर हात लागणार नसेल तर सेल काढून ठेवा.