प्लेटअप, आठ महिन्यांनंतर: खेळ स्वयंपाकाचा, अडतं भांड्यांवर

चौदाव्या दिवशी रेस्टॉरंट बंद पडतं तेव्हा शेगडीवर स्टेक तयार असतो, गल्ल्यात पैसे असतात, माणसंही मोकळी असतात. नसते ती फक्त एक स्वच्छ प्लेट. तीन प्लेटा खरकट्या होऊन टेबलांवर पडलेल्या, एक सिंकमध्ये अर्धी घासलेली, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या गिऱ्हाइकांचा धीर संपलेला. प्लेटअप या रेस्टॉरंट चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये एक जरी टेबल वैतागून उठलं की अख्खा डाव संपतो, तेरा दिवसांची कमाई कितीही असो. बुडणारे बहुतेक डाव स्वयंपाक चुकल्यामुळे बुडत नाहीत, भांडी वेळेत घासून न झाल्यामुळे बुडतात. आठ महिने खेळल्यावर या खेळाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्यतः हेच आहे, म्हणून पुढे भांड्यांबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

ओळख थोडक्यात. संगणकावर ऑगस्ट 2022 मध्ये आला, कन्सोलवर 2024 मध्ये. एक ते चार जण, एकाच पडद्यावर किंवा ऑनलाइन. प्रत्येक डावात जागेचा नकाशा वेगळा, पदार्थ आपण निवडायचा, पंधरा दिवस टिकायचं. हे सगळं ठाऊक आहे असं धरून चालतो.

आता हिशेब. सुरुवातीला हातात चारच प्लेटा असतात. दोघा-दोघांची दोन टेबलं जेवायला बसली की चारही संपल्या. तिसऱ्या टेबलाची ऑर्डर घेतली तर पदार्थ तयार असून वाढता येत नाही. प्लेट मोकळी होते ती गिऱ्हाईक उठल्यावर. मग ती उचलून सिंकपर्यंत न्यायची, बटण दाबून धरून घासायची, उचलून पुन्हा ओट्यावर आणायची. हातात एका वेळी एकच वस्तू मावते. म्हणजे एका प्लेटमागे दोन फेऱ्या आणि घासण्याचा वेळ. खरकटं टेबल रिकामं केल्याशिवाय तिथे पुढचं गिऱ्हाईकही बसत नाही, त्यामुळे प्लेट अडकली की टेबल अडकतं आणि टेबल अडकलं की दारातली रांग अडकते. रांगेलाही स्वतःचा धीर असतो. शिवाय हाडाचा स्टेक घेतला असेल तर हाड आधी कचऱ्यात टाकायचं, मग प्लेट घासायची. ही एक जास्तीची फेरी नवे खेळाडू हमखास विसरतात.

म्हणून पहिल्याच दिवशी, काहीही शिजवण्याआधी, सिंकची जागा बदला. मूळ मांडणीत सिंक बहुधा स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला असतं. ते हलवून जेवणाच्या दालनाला लागून असलेल्या झरोक्यापाशी आणा. झरोक्यातून पलीकडे हात पोचतो, त्यामुळे वाढणारा माणूस दारातून वळसा न घालता प्लेट थेट सिंकमध्ये ठेवू शकतो. सिंकच्या शेजारी एक रिकामा ओटा, त्यापुढे शेगडी. घासलेली प्लेट त्या ओट्यावर सरकली की स्टेक तिच्यावर, आणि प्लेट त्याच झरोक्यातून परत बाहेर. दोन दिवसांच्या मध्ये मांडणी करायला वेळेची मर्यादा नाही. तेव्हा सामान कितीही वेळा हलवा, टेबलापासून सिंकपर्यंतच्या फरश्या मोजा. तीन फरश्या वाचल्या तर प्रत्येक प्लेटमागे जाता-येता सहा फरश्या वाचतात, आणि दिवसभरात वीस प्लेटा फिरतात तेव्हा तो फरक चांगलाच जाणवतो. जमिनीवर सांडलेल्या घाणीत पाय जड पडतात, हेही याच हिशेबात धरा. सिंक ते टेबल हा पट्टा आधी पुसायचा, बाकीची फरशी नंतर.

सिंकच्या प्रकारांबद्दल माझं मत मध्येच बदललं, तेही नोंदवतो. पहिले दोन-तीन महिने डिशवॉशर हीच सर्वांत मोठी खरेदी वाटायची. चार प्लेटा एकदम आत, बटण दाबलं, आपण मोकळे. आता तसं वाटत नाही. डिशवॉशर चालू असताना आतल्या प्लेटा हाताला लागत नाहीत. एकूण प्लेटाच चार असतील आणि तुम्ही मशीन भरेपर्यंत थांबलात, तर धुणं पूर्ण होईपर्यंत रेस्टॉरंटमध्ये एकही प्लेट उरत नाही. त्याच वेळात साध्या सिंकवर दोन प्लेटा घासून बाहेर गेल्या असत्या. प्लेटांचा दुसरा साठा आल्यानंतरच डिशवॉशर उपयोगी, आणि तेव्हाही दोन-दोन प्लेटांवरच सुरू करावा, भरायची वाट पाहू नये.

सुरुवातीच्या दिवसांत भिजवणाऱ्या सिंकला मी वरचा क्रमांक देईन. त्यात प्लेट ठेवली की ती आपोआप, सावकाश स्वच्छ होते. वेग कमी असला तरी माणूस गुंतून पडत नाही. अशी दोन सिंकं शेजारीशेजारी असली की एकात ठेवायची, दुसऱ्यातून उचलायची, असा झोका चालतो. एकट्याने खेळणाऱ्याने डोळे मिटून हेच घ्यावं. जलद घासणारं सिंक दोघं-तिघं खेळत असतील आणि एक जण सतत भांड्यांपाशी उभा राहणार असेल तरच. एकट्याला ते फळत नाही, कारण बटण दाबून धरलेलं असताना शेगडीवर काय जळतंय हे बघायला दुसरं कोणी नसतं.

या वस्तू मिळतात कशा, इथे माझी खरी तक्रार आहे. दिवस संपला की वस्तूंचे नकाशे (ब्लूप्रिंट) येतात, म्हणजे कोणती वस्तू विकत घेता येईल हे सांगणारे कागद, त्यातून पैसे देऊन घ्यायचं. जास्तीच्या प्लेटा यात येतील की नाही हे नशिबावर. सहाव्या दिवसापर्यंत प्लेटा न आलेला डाव आणि दुसऱ्याच दिवशी आलेला डाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि खेळाडूच्या कौशल्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. चार जण खेळताना गिऱ्हाइकं वाढतात, पण हातातल्या प्लेटा तेवढ्याच राहतात. ही रचना मला अजूनही अन्यायाची वाटते. पैसे देऊन नवे नकाशे मागवता येतात, पण प्रत्येक वेळी ते महाग होत जातं. काटकसर करायची तर नव्या मागणीवर उधळू नका. नको त्या नकाशावर खर्च न करता पैसे साठवा, आणि हवा तो नकाशा परवडत नसेल तर खेळातल्या नकाशांच्या कपाटात ठेवा.

कपाटाचं महत्त्व उशिरा कळतं. कपाटात ठेवलेला नकाशा दुसऱ्या दिवशी टिकतो, आणि त्यावर वेगवेगळ्या टेबलांवर काम करता येतं. संशोधनाचं टेबल वस्तूची पुढची आवृत्ती काढतं, सवलतीचं टेबल किंमत उतरवतं, नक्कल करणारं टेबल तोच नकाशा दुसऱ्यांदा देतं. हे काम दिवस चालू असताना, बटण दाबून धरून करायचं असतं. म्हणून पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीचा थोडासा वेळ त्याला द्या. साध्या सिंकचा नकाशा आला की बहुतेक जण तो टाकून देतात. टाकू नका. कपाटात ठेवा आणि संशोधन लावा, त्यातूनच वर सांगितलेली सिंकं निघतात. कोणतं निघेल हे सांगता येत नाही, पण भांड्यांच्या दृष्टीने जे निघेल ते आहे त्यापेक्षा बरंच असतं.

प्लेटा कमी असताना टिकायचं कसं? ऑर्डर घेण्याची घाई करू नका. रांगेत थांबणं, ऑर्डर देण्यासाठी थांबणं आणि जेवणाची वाट पाहणं, या तिन्ही टप्प्यांवर गिऱ्हाइकाचा धीर वेगळा मोजला जातो. स्वच्छ प्लेट नसेल तर ऑर्डर घेऊन जेवणाचा काटा सुरू करण्यात अर्थ नाही. ऑर्डरच्या टप्प्यावरचा धीर अर्ध्याहून खाली येऊ द्या, तेवढ्यात एक प्लेट घासा, मग ऑर्डर घ्या. चौघांच्या टेबलावर सगळं तयार होईपर्यंतही थांबू नका. एकाला वाढलं की त्या टेबलाचा धीर थोडा परत भरतो, त्यामुळे एकेक करून वाढणं फायद्याचं.

स्टेकच्या बाबतीत एक गोष्ट खेळ स्वतःहून शिकवत नाही. कच्चट, मध्यम आणि पूर्ण शिजलेला, या तीन पायऱ्या एकाच दिशेने जातात. शेगडीवरून उतरवलेला स्टेक ओट्यावर आहे तसा राहतो, गारही होत नाही. म्हणून गिऱ्हाइकं यायच्या आधी तीन-चार स्टेक कच्चट अवस्थेत काढून ओट्यावर ठेवा. मध्यम मागितला तर पुन्हा शेगडीवर, थोडा वेळ. पूर्ण शिजवून ठेवले तर कच्चट मागणाऱ्यासाठी सगळं पहिल्यापासून. आणि हे साठे प्लेटवर ठेवू नका. आगाऊ वाढून ठेवलेली प्लेट अडकून पडते, आणि मागणी दुसरीच आली तर ती रिकामी करण्यात वेळ जातो. ओट्यावरचं उरलेलं रात्री नाहीसं होतं, दुसऱ्या दिवसासाठी राखायचं असेल तर फ्रीजरच हवा.

दर तीन दिवसांनी दोन पत्त्यांतून (कार्डांतून) एक निवडावा लागतो, पदार्थ वाढवणारा किंवा गिऱ्हाइकांचं वागणं बदलणारा. तिथेही मी प्लेटांचाच विचार करतो. जाहिरातीच्या पत्त्याने गिऱ्हाइकं वाढतात, म्हणजे प्लेटाही जास्त फिरतात. ‘हवं तेवढं खा’ या पत्त्याने जेवलेलं गिऱ्हाईक पुन्हा ऑर्डर देऊ शकतं, आणि एका माणसामागे दोन प्लेटा लागतात. मोठ्या गटांचा पत्ता त्याहून अवघड, कारण सहा जणांना एकदम वाढायचं तर सहा प्लेटा एकाच वेळी स्वच्छ हव्यात. सजावटीचे फायदे आहेत, पण त्यावर वेगळं लिहावं इतकं त्यांचं वजन मला वाटत नाही.

यंत्रांकडे मी उशिरा वळलो आणि तिथे मात्र हा खेळ मनापासून आवडला. ग्रॅबर हे यंत्र मागच्या वस्तूवर जे असेल ते आपोआप उचलून पुढच्या वस्तूवर ठेवतं. स्मार्ट ग्रॅबर फक्त ठरवून दिलेलीच वस्तू उचलतो. त्याच्यावर जी वस्तू ठेवाल ती तो लक्षात ठेवतो. शेगडीशेजारी ‘मध्यम’ शिकवलेला स्मार्ट ग्रॅबर लावला की स्टेक त्या क्षणी उतरतो, जळत नाही. भांड्यांसाठी मांडणी अशी: टेबलाच्या मागे खरकटी प्लेट शिकवलेला स्मार्ट ग्रॅबर, त्यापुढे भिजवणारं सिंक, त्यापुढे स्वच्छ प्लेट शिकवलेला दुसरा स्मार्ट ग्रॅबर, आणि शेवटी प्लेटांची जागा. चार वस्तू एका रेषेत. हे जुळलं की फेऱ्या थांबतात आणि टेबल आपोआप मोकळं होतं. नेहमीची चूक म्हणजे ग्रॅबरचं तोंड उलटं. एक ग्रॅबर उलटा राहिला की घासलेली प्लेट परत सिंकमध्ये येते आणि पुढचं सगळं तुंबतं. दिवस सुरू करण्याआधी सरावाच्या सोयीत मांडणी चालवून बघा. तिथे हरल्याने काही बिघडत नाही, आणि ग्रॅबरना वस्तू शिकवण्याची जागाही तीच.

आता घरच्या गोष्टी. नवे महागडे कंट्रोलर घेऊ नका. एक काठी (जॉयस्टिक) आणि दोन-तीन बटणं एवढ्यावर भागतं. एक जण कीबोर्डवर बसला तर दुसऱ्यापुरता एकच कंट्रोलर लागतो. जुना घेताना काठी सोडल्यावर पात्र आपोआप सरकत नाही ना, एवढं तपासा. इथे एका फरशीच्या चुकीने प्लेट सिंकऐवजी शेजारच्या कचऱ्याच्या डब्यापाशी जाते. दूरच्या नातेवाइकांबरोबर खेळायचं असेल तर संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमवर ‘रिमोट प्ले टुगेदर’ या सोयीतून खेळाच्या एकाच प्रतीवर भागतं, ज्याच्याकडे खेळ आहे त्याचं इंटरनेट मात्र चांगलं हवं. सवलतीची वाट पाहा, घाईने पूर्ण किंमत मोजण्याचं कारण नाही. दिवस चालू असताना वीज गेली तर तेवढाच दिवस पुन्हा खेळावा लागतो, मागचे दिवस शाबूत राहतात.

ऑर्डर चित्रांत दिसतात, त्यामुळे वाचता न येणारी मुलंही वाढण्याचं आणि टेबलं आवरण्याचं काम नीट करतात. पत्त्यांवरचा मजकूर मोठ्यांनी वाचून सांगावा लागतो. ज्यांना मांसाहार पडद्यावरही नको, त्यांनी सॅलडपासून सुरुवात करावी. त्याला शेगडी लागत नाही, फक्त चिरायचं. पिझ्झा त्यानंतर. त्यात पीठ मळणं, सॉस, चीज आणि ओव्हन असे टप्पे असल्यामुळे ओट्यावर जागा लागते. भांड्यांचा हिशेब मात्र दोन्हीकडे तोच.

पंधरावा दिवस पार पडल्यावर पुढेच खेळत राहायचं की फ्रँचायझी घ्यायची, हा प्रश्न येतो. पुढे खेळत राहिलं की गर्दी वाढतच जाते आणि शेवट ठरलेला असतो. फ्रँचायझीत आधीचे काही पत्ते घेऊन नव्या जागी सुरुवात होते. पत्ते निवडताना एवढं ध्यानात ठेवा, की कमावलेली सिंकं, ग्रॅबर आणि प्लेटांचा साठा तिथे येत नाही. मोठ्या गटांचा पत्ता सोबत नेला, तर पहिल्याच दिवशी मोठं टेबल दारात उभं राहील आणि हातात पुन्हा चारच प्लेटा असतील.