टी-१२ टिपांचं सोल्डरिंग स्टेशन: दिवाळी ते पावसाळा, घरच्या एसएमडी कामाचा अनुभव

घरी हाताने एसएमडी पार्ट, म्हणजे बोर्डाच्या भोकात न घालता वरच सोल्डर करायचे बारीक पार्ट, बसवता येतात का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते: येतात, आणि चांगले पक्के बसतात. ०६०३ मापाचा रेझिस्टर १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम मोहरीएवढा. तो बसवायला सर्जनचा हात लागत नाही. आयर्नच्या टिपेत, म्हणजे तापणाऱ्या टोकात, भरपूर उष्णता, चांगला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) आणि नीट दिसणं, एवढं लागतं. दिवाळीच्या सुमारास हे स्टेशन घेतलं, आता पावसाळा सरत आलाय. हिवाळ्याची कोरडी हवा, मे महिन्यातला उकाडा आणि श्रावणातली ओल, तिन्हींत ते वापरून झालंय, म्हणून आता लिहिते.

आमच्या इंदूरच्या रामबागेत गाणं शिकणारी घरं पुष्कळ. त्यांचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि तालयंत्रं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. शिवाय स्वतःच्या हौसेने मी मायक्रोकंट्रोलरचे छोटे बोर्ड बनवते. त्यात रेझिस्टर-कपॅसिटर बहुतेक ०८०५ आणि ०६०३, आणि मुख्य चिप अठ्ठेचाळीस पायांची, दोन पायांमध्ये अंतर ०.५ मिलिमीटर.

पूर्वी २५ वॉटचं साधं आयर्न होतं, थेट २३० व्होल्टवर चालणारं. त्यात हीटर वेगळा, टिप वेगळी, आणि मधे थोडी फट. टिप ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला लावली की थंड पडते, आणि हीटरला ते कळतच नाही. टी-१२ मध्ये हीटर आणि तापमानाचा सेन्सर दोन्ही टिपेच्या आतच, टोकाच्या अगदी जवळ असतात. टोक थंड झालं की स्टेशनला लगेच समजतं आणि ते लगेच जास्त करंट देतं. ही रचना जपानच्या हाक्कोची. माझं स्टेशन त्याच टिपा घेणारं, पण दुसऱ्याच उत्पादकाचं, २४ व्होल्टवर चालणारं आणि साडेतीन हजारांच्या आत मिळालेलं. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतं.

आता मुद्द्याचं. बारीक पार्टला सुईसारखी बारीक टिप लागते, असं जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो, आणि दुकानदारही तीच काढून देतो. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, म्हणजे आपल्या कॅटमधून, निवृत्त झालेले शेजारचे काका मला म्हणाले होते, "अगं, उष्णता टोकातून नाही जात, टेकलेल्या जागेतून जाते. जागाच नाही, तर जाणार कुठून?" मी हे स्वतः ताडून पाहिलं. त्याच बोर्डावर, त्याच ३३० अंशांवर, सुईच्या टिपेने ग्राउंडचा पॅड, म्हणजे पार्ट जिथे टाकतात तो तांब्याचा ठिपका, कितीतरी वेळ धरून ठेवावा लागतो आणि तरी सोल्डर गोळा होऊन बसतं, सांधा ड्राय, म्हणजे कच्चा, राहतो. तिरप्या कापाच्या बीसी-२ टिपेने तोच सांधा दोन सेकंदांत ओला होऊन पॅडवर पसरतो. पार्टला कमी वेळ तापावं लागतं आणि पॅड उखडत नाही. माझं नव्वद टक्के काम बीसी-२ आणि चाकूसारख्या के टिपेवर होतं. सुईवाली टिप फक्त दाटीवाटीच्या कोपऱ्यात एखादा पाय सोडवायला काढते.

अठ्ठेचाळीस पायांची चिप अशी बसते. आधी चिप पॅडवर नीट जुळवायची. सगळा वेळ इथेच घालवावा, घाई करू नये. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक टाका, आणि भिंगातून चारही बाजू पुन्हा पाहायच्या. सरळ नसेल तर इथेच सोडवून परत लावायची. मग पायांवर फ्लक्सची सढळ रेघ, टिपेवर थोडंसं सोल्डर, आणि टिप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढत न्यायची. वितळलेल्या सोल्डरला धातूची ओढ असते आणि बोर्डावरचा हिरवा थर त्याला नको असतो, त्यामुळे ते आपापल्या पायावर जाऊन बसतं. शेवटच्या दोन पायांत ब्रिज, म्हणजे त्यांना जोडणारा सोल्डरचा पूल, राहिलाच तर टिप पितळी जाळीत पुसून, फ्लक्स लावून, पायांच्या दिशेने बाहेर ओढली की निघतो. विक, म्हणजे सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी, क्वचितच लागते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा फार आनंद होतो.

कपॅसिटरबद्दल एक सावधगिरी. सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगावर टिप सरळ टेकवू नका. एकदम तापल्याने आत तडा जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. टिप पॅडवर ठेवा, उष्णता तिथून येऊ द्या. आणि पाकिटातून काढलेले कपॅसिटर लगेच बसवा, कारण रेझिस्टरवर किंमत सांगणारं १०३ वगैरे लिहिलेलं असतं, यांच्यावर काहीच नसतं, मिसळले की ओळखता येत नाहीत.

सोल्डर ६३/३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं घ्या, ०.५ मिलिमीटर जाडीचं. ते १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लापशी अवस्था नाही. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, त्याला टिप ३६० च्या आसपास लागते. नव्या तानपुऱ्यांचे बोर्ड बहुधा तसले असतात, तिथे आधी थोडं शिशाचं सोल्डर मिसळलं की जुना पार्ट सहज सुटतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचेच, आणि त्या टेबलावर चहा नको. धूर मात्र शिशाचा नसतो, फ्लक्समधल्या राळेचा असतो, पण तोही छातीला वाईट. कॉम्प्युटरमधला जुना १२ व्होल्टचा पंखा मी धूर ओढून नेईल असा तोंडापासून उलटा लावलाय. छताचा पंखा आणि कूलर बंद ठेवावेच लागतात, नाहीतर पार्ट उडतात. मे महिन्यात म्हणून पहाटेच बसते.

फ्लक्सवर पैसे वाचवू नका. बाजारात पिवळ्या मलमाची डबी स्वस्तात मिळते, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्सही तसाच दिसतो. तो तांबं खातो. मी सिरिंजमधला जेल फ्लक्स वापरते, आणि महाराणी रोडवरून आणलेली राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून बाटलीत ठेवलीय. काम झालं की त्याच अल्कोहोलने आणि जुन्या ब्रशने बोर्ड धुवायचा. पावसाळ्यात याला फार महत्त्व. मेगाओमचे, म्हणजे फार मोठ्या रोधाचे, रेझिस्टर असलेल्या भागात फ्लक्सचा थर राहिला आणि हवा ओली झाली की त्या थरातूनच करंट गळतो. श्रावणात सूर सरकतो म्हणून आलेला एक तानपुरा नुसता धुऊन वाळवल्यावर ठीक झाला.

स्टेशनची एक तक्रार गंभीर आहे. तीन पिनांचा प्लग दिलाय, पण मल्टिमीटर लावला तर टिप आणि अर्थच्या पिनेमध्ये बीप नाही. आत अर्थची तार जोडलेलीच नव्हती. अशा टिपेवर हलकासा व्होल्टेज तरंगत राहतो आणि नाजूक चिपला तो मारक ठरू शकतो. मी स्टेशन उघडून तार जोडली. तुम्हाला मेन्सच्या कामाची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आमच्या जुन्या वाड्यात सॉकेटलाच अर्थिंग नव्हतं, तेही करून घेतलं. हिवाळ्यात इथली हवा कोरडी असते, स्वेटर काढताना ठिणग्या ऐकू येतात, म्हणून अंगावरची स्थिर वीज अर्थमध्ये सोडणारा मनगटाचा पट्टा तेव्हापासून कायमचा.

केबल थोडी कडक आहे. स्लीपची सोय उत्तम, हँडल ठेवलं की तापमान उतरतं आणि टिप टिकते. बीसी-२ अजून पहिलीच आहे, बंद करताना तिच्यावर ताज्या सोल्डरचा थर ठेवते म्हणून. चिमटा चुंबकत्व न धरणारा घ्या, पार्टच्या टोकांवर निकेल असतं आणि ते साध्या चिमट्याला चिकटून बसतात. डोक्याला लावायचं भिंग मला आता स्टेशनइतकंच आवश्यक वाटतं. तपासणीला मोबाइलचा कॅमेराही चालतो.

हॉट एअर, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र, मी घेतलेलं नाही. ज्या चिपचा पॅड पोटाखाली असतो, तिथे टिप पोचतच नाही. बोर्ड बनवतानाच त्या पॅडमध्ये मोठं भोक ठेवलं तर मागून सोल्डर भरता येतं, आणि माझ्या स्वतःच्या बोर्डांवर मी तसं ठेवते. दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर ती सोय नसते, तेव्हा तेवढी एक चिप जेल रोडवर ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवून आणते आणि बाकीचं घरी करते.