पाणी भरलेली नळी: आयव्हीएफआधी काढायची की क्लिप लावायची?

आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीला) गर्भनलिका, म्हणजे बीजकोशाकडून गर्भाशयाकडे बीज नेणारी नळी, लागतच नाही, मग तिचं ऑपरेशन कशाला? प्रश्न रास्त आहे. पण हायड्रोसाल्पिंक्स असेल, म्हणजे टोकाशी बंद झालेल्या नळीत पाणी साठलं असेल, तर ते गर्भाशयात झिरपतं आणि गर्भ रुजण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते.

दुर्बिणीतून नळी काढली की पाण्याचं मूळच जातं. पुरावाही याच बाजूने जास्त भक्कम आहे. भीती एवढीच, की बीजकोशाचा रक्तपुरवठा कमी होईल. म्हणून नळीला अगदी लगटून कापणारा, अनुभवी हात हवा.

टीबीमुळे किंवा जुन्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं असेल, तर नळी न काढता गर्भाशयालगत क्लिप लावून ती बंद करणं अधिक सुरक्षित. पाणी नळीत राहतं, गर्भापर्यंत पोचत नाही. बीजं आधीच कमी असतील, तर क्लिपबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.