‘सुई लावली की गाठ पसरते’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्या सांगली भागात कधी लॉजच्या खोलीत, तर कधी एखाद्या मंगल कार्यालयात कॅन्सर बरा करण्याची शिबिरं भरतात. अशाच एका शिबिरात माझ्या थोरल्या जाऊबाईंची फसवणूक झाली. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या परवानगीनेच हे लिहितेय. नावगाव देत नाही, पण शिबिर भरवणाऱ्या माणसाची पद्धत मात्र बारकाईने सांगते, कारण पद्धत सगळीकडे तीच असते.

अक्कांना अंघोळ करताना छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून काही दिवस तसेच गेले. बायांनो, दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हे डोक्यातून काढून टाका. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. गावातले डॉक्टर आयुर्वेदाचेच पदवीधर. त्यांनी हात लावून पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, “मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे करा, बायोप्सी करा, माझ्याकडे वेळ घालवू नका.” हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा माणूस आयुर्वेदाचं नाव घेऊनच आला होता.

बायोप्सी, म्हणजे गाठीत सुई घालून केलेली तपासणी, म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. “सुई लावली की पसरतो.” कुणाच्या तरी मामी सुईनंतर चार महिन्यांत गेल्या होत्या. हा समज आमच्याकडे इतका पक्का का, याचा मी खूप विचार केला. माणसं मुळात उशिरा जातात, तपासणी होते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो, आणि मृत्यूचा दोष सुईच्या माथी बसतो. प्रत्यक्षात त्या सुईने गाठीतले बारीक तुकडे काढतात. गाठ कॅन्सरची आहे की नाही, असली तर कोणत्या जातीची, हे त्याशिवाय पक्कं कळत नाही.

शिबिरातल्या त्या माणसाने हीच भीती पकडली. त्याचा पहिला प्रश्न होता, “सुई लावली नाही ना अजून?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “वाचलात. लावली असती तर मी केस घेतलीच नसती.” अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्या दिरांचे खांदे सैल पडले. औषध अजून दिसलंही नव्हतं, पण सौदा तिथेच झाला होता.

मग तपासणी. लॅपटॉपला जोडलेला धातूचा दांडा अक्कांच्या मुठीत दिला. मिनिटाभरात पानंच्या पानं रिपोर्ट छापून आला: यकृत, किडनी, रक्त, आणि ‘गाठीची पातळी ४२’. असला दांडा हातात धरून कोणताही कॅन्सर कळत नाही. स्तनाच्या गाठीसाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी लागते. ‘गाठीची पातळी’ नावाचं मोजमाप कुठल्याच खऱ्या रिपोर्टमध्ये नसतं.

महिन्याच्या पुड्यांचे १८,००० रुपये, रोख. पावती नाही. पुडीवर नाव, घटक, लायसन्स नंबर काहीच नाही. दूध, गहू, आंबट सगळं बंद. पहिल्या महिन्यात अक्कांची भूक वाढली, चेहरा भरला, अंगात हुशारी आली. सगळं घर खूश. पुढच्या वेळी दांड्याने ‘पातळी २६’ दाखवली. नंतर हॉस्पिटलमध्ये साखर बरीच वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असावं. स्टेरॉइडने भूक लागते, तोंड गोल होतं, साखर वाढते. गाठ मात्र वाढतच राहिली. काखेत दुसरी गाठ लागली, छातीवरची कातडी आत ओढली गेली, तेव्हा कुठे बायोप्सी झाली.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्याने अक्कांचे महिने नेले, ते कुठल्या तक्रारीने परत येत नाहीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ साली छापलेला अभ्यास आहे. ज्यांचा आजार दूरच्या अवयवांत पसरलेला नव्हता, तरीही ज्यांनी शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून जास्त.

त्याच्या बॅनरवर ‘सर्व प्रकारचे कॅन्सर’ असं होतं. तोंडाच्या कॅन्सरमागे बहुधा तंबाखू-गुटखा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर गाठ असेलच असं नाही. अक्कांच्या गाठीचीसुद्धा जात ओळखण्यासाठी ईआर, पीआर (हार्मोनशी संबंधित) आणि हर-टू (एका प्रथिनाची) अशी तपासणी झाली आणि त्यावरून औषधं ठरली. या सगळ्यांवर एकच पुडी कशी चालेल?

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. तो अक्कांशी तासभर बोलला. मुलीचं लग्न, शेती, झोप, सगळं विचारलं. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांना पाच मिनिटंही कशीबशी मिळतात. घाबरलेलं माणूस ऐकून घेणाऱ्याकडे ओढलं जातं. म्हणून हॉस्पिटलात गेल्यावर समाजसेवा विभाग विचारा. तिथल्या बाईंनीच अक्कांना केस जाण्याबद्दल, लोकांच्या नजरांबद्दल बोलतं केलं, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागदही त्यांनीच करून दिले. किमो आणि ऑपरेशन त्या योजनेत झालं. पुड्यांना मात्र दागिना मोडावा लागला होता.

पुढे हॉस्पिटलच्या दारातही एकजण भेटला. महागडं इंजेक्शन अर्ध्या किमतीत देतो म्हणाला. आम्ही घेतलं नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकत होती. औषध हॉस्पिटलच्याच दुकानातून, बिलावर बॅच नंबर बघून घ्या, आणि रिकामी कुपी नष्ट करायला सांगा.

कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आणि पोलिसांत करता येते. आमच्याकडे पुराव्याला दोन उरलेल्या पुड्या आणि तो छापील रिपोर्ट होता, त्यावर तक्रार दिली आहे. तुमच्या गावात असं शिबिर आलं तर बॅनरचा फोटो काढा, पुडी फेकू नका, पैसे दिलेच असतील तर त्याची नोंद जपून ठेवा. आणि घरात कुणाला गाठ असेल तर तक्रारीच्या आधी बायोप्सीची तारीख घ्या.