पट्टीचं पान आणि ??= : आठ महिने वापरल्यावर

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचा हिशोब मी लिहिलेल्या पीएचपी प्रोग्रामवर चालतो. सोयाबीनच्या हंगामात पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावतीचं) पान उघडायला फार वेळ लागायचा. शेतकरी समोर उभा, मुनीम स्क्रीनकडं बघत बसलेले. क्वेरींचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा) लॉग काढला तर एका पट्टीसाठी उचलबाकी() हे, शेतकऱ्यानं घेतलेल्या उचलीची (आगाऊ रकमेची) बाकी आणणारं, एकच फंक्शन चारदा डेटाबेसकडं जात होतं: वरच्या चौकटीत, वजावटीत, निव्वळ रकमेत आणि अक्षरी रकमेत. (पीएचपीत फंक्शनला देवनागरी नाव चालतं, मी तसंच ठेवतो.)

एकदा आणलेला आकडा लक्षात राहावा म्हणून आधी फंक्शनच्या आत स्टॅटिक व्हेरिएबल ठेवून बघितलं. त्याच्या नादी लागू नका. ते क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच असतं, त्यामुळं पहिल्या शेतकऱ्याची बाकी सगळ्यांच्या नावावर दिसली. टेस्टिंगमध्येच सापडलं म्हणून बरं.

मग पीएचपी ७.४ मध्ये आलेलं ??= घेतलं. डावीकडं नल, म्हणजे काहीच नसेल, तरच हे चिन्ह उजवीकडचं तिथं ठेवतं. पट्टीच्या ऑब्जेक्टमध्ये एक प्रायव्हेट प्रॉपर्टी (त्याचा स्वतःचा कप्पा), सुरुवातीला नल. पहिल्यांदा आकडा आणून तिथं ठेवायचा, पुढं तोच द्यायचा. एका ओळीचं काम, बाकी कोडला हात लावावा लागला नाही.

तरी काही पट्ट्या रेंगाळतच होत्या. दोन दिवस शोधलं. ज्यांनी उचल घेतलीच नाही, त्यांच्याच पट्ट्या त्या! एकही नोंद नसली की एसक्यूएलचं (डेटाबेसच्या भाषेचं) सम, म्हणजे बेरीज, शून्य देत नाही, नल देतं. आणि ??= च्या लेखी नल म्हणजे अजून काही ठेवलंच नाही, म्हणून दर वेळी नवी क्वेरी. नलच्या जागी शून्य दिलं आणि ते थांबलं.

पुढचा घोळ पैशाचा, म्हणून जास्त लागला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पाच हजार भरले आणि छापलेल्या पट्टीवर जुनीच बाकी. "अहो, आत्ताच जमा केले की मी," ते म्हणाले, आणि त्यांचंच खरं होतं. जमा करण्याआधी बाकी तपासली होती, तोच आकडा ऑब्जेक्टनं धरून ठेवला आणि त्याच रिक्वेस्टमध्ये छापला. आता जमा() च्या शेवटच्या ओळीत ती प्रॉपर्टी पुन्हा नल होते. ही ओळ पहिल्याच दिवशी लिहा.

दिवसाच्या यादीत मात्र अर्धंच काम होतं. चाळीस पट्ट्यांचे चाळीस ऑब्जेक्ट, प्रत्येकाची प्रॉपर्टी वेगळी. १६० क्वेरींच्या ४० झाल्या, एवढंच. तिथं सगळ्यांची बाकी ग्रुप बाय (शेतकऱ्यावार गट) करून एकाच क्वेरीत आणतो आणि ऑब्जेक्टमध्ये आधीच भरून ठेवतो. त्या क्वेरीत ज्यांचं नाव येत नाही, त्यांना शून्य भरायला विसरू नका.