एलएस३/५ए की एनएस-१०: रात्री हळू ऐकणाऱ्याच्या नजरेतून

छोट्या स्पीकरच्या या दोन्ही जोड्या माझ्याकडे एकाच वेळी चार महिने होत्या. खोली बारा बाय दहाची, ॲम्प्लिफायर म्हणजे ॲम्प एकच (सत्तरच्या दशकातला जपानी, ४० वॅटचा), लावलेलं गाणंही बहुतेक वेळा तेच. शेवटी एक जोडी विकली. आणि ज्या कारणासाठी विकली, त्यात स्पीकरचा दोष जवळजवळ नव्हताच.

एलएस३/५ए बीबीसीने स्वतःच्या कामासाठी तयार केला. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मोठा मॉनिटर, म्हणजे आवाज पारखायचा स्पीकर, मावत नाही आणि निवेदकाचा आवाज तर नीट पारखायचा असतो, ही मूळ अडचण. एनएस-१० चा प्रवास बरोबर उलटा. यामाहाने १९७८ मध्ये तो घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी काढला, त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, आणि स्टुडिओवाल्यांनी उचलून मिक्सिंग कन्सोलच्या (आवाज जुळवायच्या टेबलाच्या) माथ्यावर नेऊन ठेवला. तो पांढरा कागदी कोन तुम्ही फोटोत तरी पाहिलाच असेल.

हा इतिहास ऐकताना अजूनही जाणवतो. किशोरीताईंचा आलाप लावला की एलएस३/५ए वर गाणारी बाई समोर येऊन बसते. श्वास, जुळवाजुळव, सगळं जागच्या जागी. एनएस-१० मात्र आवाजाचा मधला पट्टा, साधारण दीड ते दोन किलोहर्ट्‌झच्या आसपासचा, उचलून पुढे करतो. शब्द स्वच्छ कळतात, चुकलेली जागा पटकन सापडते, पण साथीची पेटी टोचते. वीस मिनिटं छान, तासाभराने उठावंसं वाटतं. माझ्या कानांना तरी.

डग्ग्याच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, बाबतीत दोघेही गरीबच. दोन्हींची खोकी बंद, दोन्हींची छोटी. एलएस३/५ए शंभर हर्ट्‌झच्या थोडं वर किंचित फुगवटा ठेवून घुमाऱ्याचा आभास देतो, पखवाज आला की सोंग उघडं पडतं. एनएस-१० सोंग करत नाही, सुका राहतो. भिंतीजवळ सरकवला तर जरा भरतो. एलएस३/५ए मात्र भिंतीपासून सुटा, स्टँडवरच हवा. आमच्या घरात त्या स्टँडवरून जे बोलणं झालं ते इथे नको.

आता ॲम्पकडे वळू. एलएस३/५ए ची संवेदनशीलता (ठरावीक वॅटला किती मोठा आवाज निघतो ते) ८२-८३ डेसिबल, एनएस-१० ची ९०. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला पाचपटींहून जास्त वॅट लागतात. शिवाय जुना एलएस३/५ए १५ ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा, त्यामुळे आठ ओहमला ४० वॅट देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प त्याला जेमतेम वीसच देतो. म्हणून सगळे सांगतात की छोट्या ॲम्पवर एनएस-१० घे, एलएस३/५ए च्या वाटेला जाऊ नकोस. मीही तेच मानत होतो.

पण मी ऐकतो रात्री साडेदहानंतर, मुलगी झोपल्यावर. एनएस-१० जोडलेला असतो. आतून हाक येते, “अहो, जरा हळू!” मी आवाजाचा नॉब केसभर मागे घेतो आणि उजव्या स्पीकरचा आवाज गळतो. तानपुरा सरकत सरकत डावीकडे जाऊन बसतो. केसभर पुढे घेतला की तानपुरा मधे येतो, पण मुलगी कूस बदलते. चार महिने हाच खेळ. एनएस-१० वर नॉबची खूण घड्याळातल्या आठच्या पुढे कधी गेलीच नाही.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने नॉबमध्ये सफाईचा स्प्रे मारून पाहिला. म्हणाला, “साहेब, हा कचरा नाहीये, ट्रॅकच असा आहे.” व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागच्या भागात) डाव्या-उजव्या दोन चॅनलचे दोन कार्बन ट्रॅक असतात आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ते क्वचितच तंतोतंत जुळतात. त्या काळी ते खटकत नसे, कारण ॲम्पची लाइन इनपुट साधारण १५० मिलिव्होल्टची धरलेली असे. आजचा सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाणं ॲनालॉग करणारं यंत्र) दोन व्होल्ट ओततो. मग नॉब त्या वाईट टप्प्यातच अडकून राहतो.

एलएस३/५ए जोडला आणि तेवढ्याच आवाजाला नॉब साडेनऊवर आला. तानपुरा मधोमध. ज्याला सगळे आळशी म्हणतात, त्याचा आळसच माझ्या कामी आला.

तुमच्या ॲम्पला आवाज एकदम खाली आणणारं, वीस डेसिबलचं म्यूटिंग बटण असेल, तर माझी ही सगळी कटकट तुम्हाला गैरलागू. घरी मिक्सिंग करत असाल किंवा दिवसा मोकळ्या आवाजात ऐकत असाल, तर एनएस-१० घ्या. पैसेही बरेच वाचतील. तीस-पन्नास वॅटचा कुठलाही धडधाकट ॲम्प चालेल, फक्त आवाज फाटेपर्यंत तो पिळू नका, आधी ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा भाग) जातो. एलएस३/५ए साठी १६ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायची जागा) असलेला, काचेच्या नळ्यांचा व्हॉल्व्ह ॲम्प मिळाला तर बहार: लीक स्टिरिओ २० चे दहाएक वॅट छोट्या खोलीत रात्रीपुरते पुरतात. ट्रान्झिस्टरच हवा तर क्वाड ३०३, तो १६ ओहमलाही २८ वॅट देतो. १९८७ च्या सुमारास आलेली ११ ओहमची आवृत्तीही वाईट नाही, मी तिच्यासोबत फार राहिलेलो नाही एवढंच. घेताना मागचे क्रमांक जोडीचे आहेत ना, ते पाहा. वेगवेगळ्या जोड्यांतला एकेक उचलून जोडी म्हणून विकणारे खूप आहेत.

माझी एनएस-१० जाहिरातींना संगीत देणाऱ्या एका मुलाने नेली. परवा त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या ॲम्पला म्यूटिंगचं बटण आहे. तोच आलाप अगदी हळू लावून पाहिला. तानपुरा बरोबर मधे होता. पेटी मात्र टोचत होतीच.